टेवाले मास्तर, छावाल्या बाई

३ मार्च १९८७, मंगळवार

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत आज प्रथमच कुणीतरी मला काम दिलं, म्हणून ही वही आणली. दुकानदाराने फसवलं. पानांवरच्या रेघा इतक्या फिकट छापल्यात की असून नसून सारख्या. हल्ली कुठल्याच छापखान्यात शाई घालत नाहीत, वर्तमानपत्राचंही तेच.

काम असं. बंदरावरच्या नाविकांच्या विश्रांतिगृहाचे संचालक ख्यू सकाळी घरी आले. परदेशी जहाजांवरचे लोक तिथे टेबल टेनिस खेळायला आणि बिअर प्यायला येतात. ख्यू साहेबांना तिथल्या मोठ्या खोलीत एक फलक लावायचा आहे. आपण चीनच्या या किनाऱ्यावरचे, श्यामेनचे लोक चहाला ‘टे’ म्हणतो. तीनशे वर्षांपूर्वी डच व्यापारी आपल्याकडून पेट्या भरून घेऊन गेले, आणि पेट्यांबरोबर शब्दही घेऊन गेले. आता इंग्रज, फ्रेंच, जर्मन सगळे आपलाच शब्द वापरतात आणि आपल्यालाच ऐकवतात. हे सगळं फलकावर साठ अक्षरांत लिहायचं. उद्घाटन एक मे रोजी.

‘‘मास्तर, तुम्ही चाळीस वर्षं भूगोल शिकवला. देशांची नावं तुमच्याइतकी कुणाला पाठ आहेत?’’ असं ते म्हणाले. मी थोडे आढेवेढे घेतले, पण ते गेल्यावर एकट्यानेच दोन कप जास्त प्यालो.

६ मार्च, शुक्रवार

वरच्या मजल्यावरच्या वाय-लिंगची आई बाळंतपणासाठी क्वांगचौहून, म्हणजे कँटनहून आली आहे. हे तिला न भेटताही मला माहीत होतं, कारण गेले दहा दिवस जिन्यात आलं आणि गोड व्हिनेगरमध्ये शिजणाऱ्या डुकराच्या पायांचा वास कोंडून राहिलाय. कँटनचे लोक बाळंतिणीला हेच घालतात.

आज जिन्यात गाठ पडली. नाव ल्योंग सौ-हिंग. तारखात्यात एकतीस वर्षं काढली, विधवा आहेत, साधारण साठीच्या. बोलता बोलता मी फलकाचं सांगून बसलो. बाई जिन्यातच हसायला लागल्या. हसणं जरा कर्कश आहे.

‘‘मास्तर, जगात चहाला ‘छा’ म्हणतात. तुमच्या या बोटभर किनाऱ्यावर ‘टे’ म्हणतात, कारण तुम्हा लोकांना ‘छ’ म्हणायचा आळस आहे.’’

मी म्हटलं, आमच्या बोटभर किनाऱ्याने अर्धं जग पाजलंय. त्या म्हणाल्या, उरलेलं अर्धं आम्ही पाजलंय, आणि ते मोठं अर्धं आहे. अर्ध्याला मोठं म्हणणाऱ्या बाईशी गणितावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. उद्या चार वाजता या, नीट नकाशा काढून दाखवतो, असं सांगून घरात आलो.

७ मार्च, शनिवार

आल्या. नकाशा राहिला बाजूला.

मी आपल्या पद्धतीने छोटं भांडं, छोटे कप, आनशीचा चांगला चहा काढला. कप पाहून बाई म्हणाल्या की हे चिमण्यांसाठी ठेवलेत का. मी पहिला कप भरला. त्यांनी दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं. मला वाटलं, घाई असेल. संपवला तसा लगेच दुसरा भरला. पुन्हा टकटक. मी आणखी लगबगीने ओतत गेलो, त्या पीत गेल्या. अकराव्या कपाला त्यांनी कपावर हात ठेवला आणि विचारलं, ‘‘मास्तर, तुमच्याकडे पाहुण्याला बुडवून मारतात का?’’

मग कळलं की कँटनमध्ये कुणी चहा ओतला की बोटांनी टेबल वाजवून आभार मानतात. त्या आभार मानत होत्या आणि मी आणखी मागताहेत असं समजून ओतत होतो. दोघंही इतके हसलो की वरून वाय-लिंगने खाली डोकावून विचारलं, काय झालं म्हणून.

९ मार्च, सोमवार

चुलतभाऊ आला होता. तीन तास आपल्या गुडघ्यांविषयी बोलला. शेवटी मी त्याचा कप काठोकाठ भरून पुढे ठेवला. कप पाऊण भरायचा हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. काठोकाठ भरलेला कप म्हणजे ‘हा प्या आणि निघा’. कँटनमध्येही तोच रिवाज आहे म्हणे. भावाने कपाकडे पाहिलं, छत्री उचलली आणि गेला. तोंडाने एक अक्षर बोलावं लागलं नाही.

तसा मी ओतण्यात पक्का आहे. कप भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होत जातो, मी त्यावर थांबतो. बघत नाही, ऐकतो. हे आज ल्योंग बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तारखात्यातही चांगला माणूस कागदाकडे बघत नाही, कान देतो. एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत झालं.

१५ मार्च, रविवार

ठरलं असं की पुस्तकातलं पुस्तकात, आपण बोलणाऱ्यांनाच विचारायचं. म्हणून दोघं विश्रांतिगृहात गेलो. मी चहाचं भांडं दाखवायचो, भुवया उंच करायचो आणि नाविक त्याच्या भाषेतला शब्द सांगायचा. वहीच्या पुढून मी ‘टे’वाले लिहायचे आणि मागून ‘छा’वाले.

सुरुवात झकास झाली. रॉटरडॅमचा एक दाढीवाला ‘थे’ म्हणाला. पिनांगचा पोरगा ‘तेह’ म्हणाला. कोलंबोच्या म्हाताऱ्या खलाशाने ‘तेनीर’ म्हटलं आणि पाण्याचा ‘नीर’ त्याला जोडलाय असं समजावलं. मी बाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग एक रशियन आला आणि ‘चाय’ म्हणाला. त्याच्यामागून तुर्क आला, तोही ‘चाय’. लिस्बनचा ‘शा’ म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, हा युरोपातला असून असं कसं? बाई म्हणाल्या, ‘‘पोर्तुगीज लोक मकाऊला उतरले. मकाऊ आमच्या दारात. त्यांना चहा आम्ही पाजला.’’

पोलंडच्या एकाने ‘हेर्बाता’ म्हटलं. शेवटी ‘ता’ आहे म्हणून मी पुढच्या पानावर लिहायला लागलो. बाईंनी माझा हात धरला. त्या नाविकाने बिचाऱ्याने खुणा करून सांगितलं की पुढचा भाग औषधी पाल्याचा आणि मागचा चहाचा. बाई म्हणाल्या, ‘‘त्यात अर्धं गवत आहे, अर्धा गुण द्या.’’ अर्धा गुण दिला.

येताना पायरीवर पाय चुकला. विश्रांतिगृहाने पायऱ्या सगळ्या एकाच करड्या रंगाच्या केल्यात, माणसाला कळणार कसं? यंदा धुकंही फार आहे.

१९ मार्च, गुरुवार

हल्ली चार वाजता त्या येतातच. कपडे वाळत घालायला गच्चीवर जातात आणि येताना माझ्याकडे थांबतात. कधी तासभर, कधी दोन.

फलकाचा मजकूर वाचून दाखवला, एकशे नव्वद अक्षरं झाली होती. तारखात्यातल्या बाईंनी पेन्सिल मागितली आणि खाटकासारख्या सुटल्या. ‘‘‘थोर’ काढा. बंदर थोर आहे की नाही ते समोर दिसतंय. ‘प्राचीन काळापासून’ कशाला, वर्ष घाला. ‘आम्हाला अभिमान वाटतो’ हे तारेत कुणीही पाठवत नाही.’’ एकशे नव्वदाची ब्याऐंशी झाली आणि मजकूर खरंच सुधारला. चाळीस वर्षं मी मुलांचे निबंध तपासले, माझा निबंध आज प्रथमच कुणी तपासला.

६ तारखेला त्यांचं हसणं कर्कश आहे असं लिहिलं होतं. तसं ते नाही. जिना अरुंद आहे, आवाज घुमतो.

२९ मार्च, रविवार

आज घात झाला. हिंदुस्थानच्या जहाजावरचा एक खलाशी आला. साळवी म्हणून, रत्नागिरी नावाच्या गावाचा. माझ्या नकाशात ते समुद्रकाठी सापडलं, म्हणून आशा होती. समुद्राने जो गेला तो आपला शब्द. भांडं दाखवलं.

‘‘चहा,’’ तो म्हणाला. मधे जरा श्वास सोडून, कपावरची वाफ फुंकावी तसं.

मी त्याला नीट आठवायला सांगितलं. लहानपणी घरी काय म्हणायचे? आई काय म्हणायची? तो म्हणाला, आई हा शब्द दिवसातून सहा वेळा म्हणायची, आठवायचं काय त्यात. ल्योंग बाईंनी त्याला आपल्या पिशवीतली शेंगदाण्याची वडी दिली. पुढे त्याने आपल्या पद्धतीचा चहा करून दाखवतो म्हणून स्वयंपाकघरात जाऊन दूध, साखर आणि आलं घालून काहीतरी उकळलं. बाईंनी दोन मग घेतले. मी शास्त्रापुरता चाखला. वाईट नव्हता, पण त्याला चहा का म्हणायचं हा प्रश्न उरतो.

ब्रह्मदेशाच्या एकाने मात्र ‘लफे’ म्हटलं, म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. वाचनालयात एका जुन्या पुस्तकात सापडलं की डोंगरातल्या लोकांचा पानासाठी एक शब्द होता, त्यातूनच आमचे दोन्ही शब्द आले असावेत. बाईंना हे सांगितलं नाही. आज त्या फार खुशीत होत्या, त्यांच्या आनंदात तिसरा कशाला आणायचा.

३ एप्रिल, शुक्रवार

एकूण मोजणी: पुढून साडेनऊ, मागून तेरा.

ख्यू साहेबांना पुढचं पान दाखवलं. मागचं दाखवलं नाही. ते म्हणाले, छान, मग लिहा की जगाने हा शब्द आमच्याकडून घेतला. मी म्हटलं, ‘अर्ध्या जगाने’ लिहूया. ते म्हणाले, फलकावर अर्धं कोण लिहितं?

घरी येऊन तसंच लिहिलं. मन खात होतं. परीक्षेत कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी पाचपैकी दोन दिले असते.

ल्योंग बाईंची क्वांगचौची बस वीस तारखेची आहे. बाळ चाळीस दिवसांचं झालं, वाय-लिंग हिंडू-फिरू लागली, आता इथे त्यांचं काम काय? बरोबरच आहे. मला चार वाजता पुन्हा वर्तमानपत्र वाचता येईल, तेही छापलं नीट तर.

५ एप्रिल, रविवार

थडगं साफ करायचा सण. मुलगा फूचौहून आला होता. दोघं डोंगरावर गेलो, गवत काढलं, संत्री ठेवली. दगडावरच्या नावावर लाल रंग भरायचं काम दर वर्षी माझंच असतं. बोटांनी अक्षरं चाचपून भरत गेलो. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, अर्धी अक्षरं सुटली आणि अर्धा रंग बाहेर गेलाय.’’ मी म्हटलं, ब्रश चांगला नाही.

तो पाणी आणायला गेला तेव्हा बायकोला सगळं सांगितलं. फलकाचं, साळवीच्या उकळलेल्या चहाचं, अकरा कपांचं. ती असती तर अकरा कपांवर पोट धरून हसली असती. ल्योंग बाई वीस तारखेला जाणार हेही सांगितलं, आणि मला त्याचं काही विशेष वाटत नाही असं सांगितलं. ती गेल्यापासूनच्या सहा वर्षांत तिच्याशी खोटं बोलल्यासारखं प्रथमच वाटलं. का ते कळलं नाही.

८ एप्रिल, बुधवार

आज विचित्र झालं.

चार वाजता ल्योंग बाई आल्या. चांगलं निळं जाकीट घातलं होतं, केस नीट बसवले होते. काहीतरी सांगायचंय असं दिसत होतं, पण मी उत्साहाच्या भरात आधी फलकाचा मजकूर पुढे केला. ‘जगाने हा शब्द आमच्याकडून घेतला.’ त्यांनी वाचला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मागचं पान कुठे गेलं, मास्तर?’’ मी म्हटलं, चहा घ्या, मग बोलू.

नेमकं तेव्हाच खाली रस्त्यावर कामगार दिनाच्या मिरवणुकीचा सराव सुरू झाला. ढोल, झांजा, कर्णे; स्वतःचा आवाज ऐकू येईना. मी ओतलं, कप त्यांच्यापुढे ठेवला. आज त्यांनी टेबल वाजवलं नाही. बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या. मग उठल्या, म्हणाल्या, ‘‘समजलं मला,’’ आणि गेल्या. चहाला तोंडही लावलं नाही.

नंतर बघतो तर टेबलक्लॉथ ओला. भांड्याला तडा गेलेला दिसतोय, नवीन घ्यायला हवं. पण त्याचं काही नाही. माझ्या खोट्या मजकुराने त्या दुखावल्या. बाईंचा अर्ध्या जगभर पसरलेला शब्द मी वहीच्या मागच्या पानात कोंडून ठेवला. कुणालाही राग येईल.

१२ एप्रिल, रविवार

चार दिवस आल्या नाहीत. जिन्यात काल गाठ पडली तर मान हलवून वर गेल्या. घरात चार वाजता घड्याळ फार मोठ्याने वाजतं.

वीस तारखेला आठ दिवस राहिले. या वयात माणसाला एखाद्या बाईची वाट पाहायची सवय लागावी आणि लोकांना कळावं, म्हणजे शोभाच. पण वहीत लिहायला काय हरकत आहे? लागली आहे सवय.

१४ एप्रिल, मंगळवार

ख्यू साहेबांकडे गेलो आणि सांगितलं, मजकूर बदलायचा आहे. वहीचं मागचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, मास्तर, कँटनवाल्यांची जाहिरात आपण आपल्या भिंतीवर का करायची? मी म्हटलं, तुमचे निम्मे पाहुणे ‘छा’वाले आहेत. त्या फलकासमोर उभे राहून तेरा देशांचे लोक हसतील. तुर्क हसला तर चालेल, पण रशियन जहाजाचा कप्तान हसला तर?

ख्यू साहेब विचारात पडले. मग म्हणाले की दोन्ही शब्द देण्याची कल्पना त्यांना पहिल्यापासूनच होती. मी म्हटलं, हो ना.

माझा सगळा अभिमान त्या टेबलावर ठेवून आलो. आमच्या बंदराचा पूर्ण फलक होता, आता अर्धा उरला. फार वाईट वाटायला हवं होतं. येताना मात्र शेंगदाण्याच्या वड्या घेतल्या.

१६ एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायला हवा, कारण पुढे किती दिवस लिहिता येईल माहीत नाही.

सकाळी नवा मजकूर घेऊन वर गेलो. दार ल्योंग बाईंनीच उघडलं, बाळ खांद्यावर होतं. मी म्हटलं, चुकलो, तुमचा शब्द लपवला होता, आता घातलाय. त्यांनी कागद घेतला. खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला. मग विचारलं, ‘‘हे कधी लिहिलंत?’’

‘‘काल रात्री जेवणाआधी.’’

‘‘दिवा होता?’’

‘‘होता की. पण हे हल्लीचे दिवे.’’

त्यांनी बाळ वाय-लिंगच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, चला, चहा पाजा. खाली आल्या, माझा रेडिओ लावला आणि आवाज पूर्ण वाढवला. बातम्या अशा ओरडायला लागल्या की खिडकी थरथरली. मी म्हटलं, बंद करा, त्या म्हणाल्या, ओता. मी ओतलं. माझ्या पायावर गरम काहीतरी पडलं तेव्हा थांबलो.

त्यांनी रेडिओ बंद केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की काय ते सांगता येत नाही, कारण मला त्यांचा चेहराच पुसट दिसतो. हे मी आज प्रथमच लिहितोय. गेले कित्येक महिने मला त्यांचा चेहरा पुसटच दिसतो.

‘‘मास्तर, तुम्हाला दिसत नाहीये. तुमच्या कागदावर दोन ओळी एकमेकींवर लिहिल्या आहेत. आणि आठ तारखेला तुम्ही माझा कप काठोकाठ भरलात.’’

मला क्षणभर काही समजेना. मग चुलतभाऊ आणि त्याची छत्री आठवली.

‘‘मला वाटलं, तुम्ही फलकावर रागावलात.’’

‘‘फलक गेला खड्ड्यात. ‘छा’ला तुमच्या फलकाची गरज आहे होय? मला वाटलं, तुम्ही मला निघा म्हणालात. मला निघा म्हटलं की मी निघते, दोनदा सांगावं लागत नाही.’’

म्हणजे आठ दिवस मी भलत्याच गोष्टीची माफी मागायची तयारी करत होतो. अख्खं बंदर अर्धं करून बसलो, आणि बाईंना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी म्हटलं, मग पहिला मजकूर परत लावतो. त्या म्हणाल्या, ‘‘लावून तर बघा.’’

दुपारी त्यांनीच डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? मी म्हटलं, छापखान्यांना दोष देत होतो. बुधवारी शस्त्रक्रिया आहे. भीती वाटते. खूप वाटते.

१९ एप्रिल, रविवार

बाईंनी उद्याची बस पुढे ढकलली. बाळाला सर्दी झालीय म्हणाल्या. बाळ वर असं खणखणीत ओरडतंय की सर्दी कुठे झालीय कळत नाही. पण आजींना जास्त कळत असणार.

फलकाची शेवटची अक्षरं आज बाईंनी छाटली. सत्तावन्न झाली. मी म्हटलं, तीन शिल्लक आहेत, काहीतरी घालूया. त्या म्हणाल्या, तारेत उरलेली अक्षरं आपण पाठवत नाही. मग गप्पांत एक गोष्ट सांगितली. तारेत प्रत्येक अक्षराला चार आकड्यांचा क्रमांक असतो. चहाच्या अक्षराला एकच क्रमांक. इथून पाठवणारा मनात ‘टे’ म्हणायचा, तिकडे त्या मनात ‘छा’ म्हणून उतरवून घ्यायच्या, मधल्या तारेला काहीच कळायचं नाही. ‘‘एकतीस वर्षं मी तुमच्या लोकांचा चहा पोचवला, मास्तर. भांडण होतं हे इथे येईपर्यंत माहीतच नव्हतं.’’

मला हे इतकं आवडलं की फलकात घालायचं म्हटलं. त्यांनी घालू दिलं नाही.

मजकूर असा ठरला: एकच अक्षर, दोन उच्चार. ‘टे’ या बंदरातून समुद्राने गेला. ‘छा’ खुष्कीने आणि मकाऊहून गेला. दोन्ही पोचले. खाली मोकळी पाटी आणि खडू ठेवायचा. तुम्ही काय म्हणता ते लिहा.

पाटीची कल्पना माझी. बाई म्हणाल्या, ही मात्र चांगली आहे. संध्याकाळभर मी खुशीत होतो.

२१ एप्रिल, मंगळवार

उद्या सकाळी आठ वाजता. ही ओळ सरळ आहे की नाही माहीत नाही. वाय-लिंगने अंगठ्याएवढी पेन्सिल दिलीय.

डॉक्टर म्हणतात, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, पाच दिवस पाठीवर पडून राहायचं, मान हलवायची नाही. मग महिनाभर थेंब. मुलगा दोन दिवस येईल, त्याला कारखान्यातून अधिक सुटी नाही. थेंब कोण घालणार असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ल्योंग बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाळाची सर्दी बरी झाली की त्या जाणार. सर्दी कितीशी टिकते?

राहा म्हणावं का? कुठल्या नात्याने म्हणावं? माझ्याकडे दोन खोल्या, एक मुलगा, एक बायकोचं थडगं आणि साडेनऊ देश आहेत. बोलायला गेलो तर बाई म्हणतील, मास्तर, यातली निम्मी अक्षरं काढा. विचारणार नाही. नाही म्हणाल्या तर चार वाजताही येणार नाहीत, आणि आता तर मला त्यांचा चेहरा दिसणार आहे.

२५ एप्रिल, शनिवार

(अक्षर माझं नाही. डोळे बांधलेले आहेत, मी सांगतो आणि ल्योंग बाई लिहितात.)

शस्त्रक्रिया झाली. दुखलं कमी, कंटाळा जास्त. इस्पितळातली पेज पातळ आहे. मुलगा काल परत गेला. ख्यू साहेब येऊन गेले, फलक रंगवून तयार आहे म्हणाले. पाटी आजच टांगली तर कुणीतरी तिच्यावर खडूने चहाचा मग काढून ठेवलाय आणि शेजारी कुणालाच न वाचता येणारं काहीतरी लिहिलंय. बाळाची सर्दी तशीच आहे. परवा पट्टी सोडणार. बाकी विशेष नाही.

मास्तर झोपले. इथून पुढचं त्यांनी सांगितलेलं नाही.

मागची पानं चाळू नका असं मला तीनदा बजावलं. एकदा बजावलं असतं तर मी चाळली नसती. ते घोरत असताना ३ मार्चपासून २१ एप्रिलपर्यंत सगळं वाचलं. अक्षरं फार आहेत, निम्म्यात झालं असतं. तरी एकही ओळ खोडली नाही.

दोन दुरुस्त्या. बाळाला सर्दी कधीच झाली नव्हती. आणि बस मी १९ तारखेला पुढे ढकलली नाही. ८ एप्रिलला सकाळी बसस्थानकावर जाऊन तिकीट परत करून आले, आणि चार वाजता हेच सांगायला निळं जाकीट घालून खाली आले होते. नंतर कपाकडे पाहिलं आणि जिना चढताना वाटलं, साठाव्या वर्षी आपण काय वेडेपणा करून बसलो. नवं तिकीट काढायला तीनदा स्थानकाच्या रांगेत उभी राहिले. तीनदा रांग सोडून आले.

नर्सने कागद आणला होता. रुग्णाशी नातं काय, असं त्यात विचारलंय. मी तो रकाना अजून भरलेला नाही, उशीखाली ठेवलाय.

मास्तर, परवा डोळे उघडले की आधी हे पान वाचा. मग जे २१ तारखेला विचारलं नाहीत ते विचारा. अक्षरं वाया घालवू नका. उत्तर मी एका शब्दात देईन.